म्हातारा कुत्रा कोण नेतो?

प्राण्यांसाठी तळमळीनं काम करणाऱ्यांमध्येही एक मत हळूहळू पक्कं होत गेलं आहे. ते असं, की आठ-दहा वर्षांच्या कुत्र्यासाठी घर शोधत बसू नये. त्या वयात त्याला नव्या माणसाचा लळा लागत नाही, नव्या जागेत तो झुरतो, त्याच्या औषधपाण्याचा खर्च कुणाला झेपत नाही आणि वर्ष-दोन वर्षांत तो जाणारच असतो. तेवढ्या धावपळीत चार पिल्लांची सोय लागते. त्यापेक्षा शेल्टरमध्ये त्याला दोन वेळचं खायला मिळावं आणि फारच थकला तर डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन शांतपणे झोपवावं, यातच त्याचं भलं आहे.

असं म्हणणारी माणसं निर्दय नसतात. त्यांतल्या अनेकांनी रात्री-अपरात्री रस्त्यावरून जखमी कुत्री उचललेली असतात, टाक्यांचे पैसे स्वतःच्या खिशातून भरलेले असतात. म्हणूनच त्यांना उत्तर देणं गरजेचं आहे. ज्याला मुळात कुत्रा आवडत नाही, त्याच्या बोलण्यानं शेल्टरमधल्या म्हाताऱ्या कुत्र्याचं काही बिघडत नाही. पण शेल्टर चालवणाऱ्यानंच ‘याला कोण नेणार’ म्हटलं, की त्या कुत्र्याचा चांगला फोटो काढला जात नाही, दत्तक-मेळाव्याच्या गाडीत त्याला जागा मिळत नाही, आलेल्या पाहुण्याला त्याच्या पिंजऱ्यापर्यंत नेलं जात नाही. मग त्याला कुणी नेत नाही. आणि कुणी नेत नाही, हाच पुढच्या वेळी पुरावा होतो.

या मताचा एकेक आधार तपासून पाहिला तर तो टिकत नाही. भूतदयेची साद न घालताही हे दाखवता येतं.

आधी वयाचं बघू. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब घरोघर ऐकू येतो, आणि त्या हिशेबानं बारा वर्षांचा कुत्रा चौऱ्याऐंशीचा ठरतो. 2020 मध्ये ‘सेल सिस्टिम्स’ या नियतकालिकात सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 104 लॅब्राडोर कुत्र्यांच्या डीएनएवरच्या वयानुसार बदलणाऱ्या रासायनिक खुणा तपासून वेगळंच चित्र मांडलं. कुत्र्याचं शरीर पहिल्या वर्षात झपाट्यानं प्रौढ होतं, जवळपास माणसाच्या तिशीपर्यंत पोहोचतं, आणि त्यानंतर म्हातारपणाचा वेग मंदावतो. त्यांच्या सूत्रानं दहा वर्षांचा लॅब्राडोर साधारण अडुसष्टचा आणि बारा वर्षांचा एकाहत्तरचा होतो. पुण्यात एकाहत्तर वर्षांची कितीतरी माणसं रोज सकाळी टेकडी चढून येतात. त्यांच्याबद्दल ‘आता यांचं काय राहिलं’ असं कुणी म्हणत नाही.

शिवाय ‘म्हातारा’ हा शब्द सगळ्यांना एकाच वयात लागू पडत नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यक रुग्णालयांच्या संघटनेनं आपल्या मार्गदर्शक सूचनांत अपेक्षित आयुष्याचा शेवटचा पाव भाग म्हणजे वार्धक्य, अशी साधी व्याख्या केली आहे. ग्रेट डेनसारखा अवाढव्य कुत्रा सहा-सात वर्षांतच त्या टप्प्यावर येतो. नीट निगा राखलेला आपला देशी कुत्रा तेरा-चौदा वर्षं सहज काढतो, म्हणजे त्याचं वार्धक्य दहाव्या वर्षाच्या पुढे सुरू होतं. शेल्टरमध्ये मात्र सात वर्षांच्या देशी कुत्र्यालाही ‘सीनियर’ची पाटी लागते. अजून सहा-सात वर्षं जगू शकणाऱ्या प्राण्याचा त्या एका पाटीनं निकाल लागतो.

आता लळ्याचं. म्हातारा कुत्रा नव्या माणसाला आपलं मानत नाही, हे इतक्या खात्रीनं बोललं जातं की कुणी ते तपासलं असेल असंच वाटावं. ज्यांनी तपासलं त्यांना उलटंच दिसलं. बुडापेस्टच्या विद्यापीठातल्या मार्ता गाची, योझेफ तोपाल, आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये निवारा केंद्रात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. तान्ह्या मुलांचा आईशी असलेला बंध तपासण्यासाठी मेरी एन्सवर्थ यांनी बसवलेली चाचणी त्यांनी कुत्र्यांसाठी थोडी बदलून घेतली. केंद्रातल्या काही कुत्र्यांशी एका अनोळखी माणसानं तीन वेळा, दर खेपेला दहाच मिनिटं, खेळण्या-गोंजारण्यात घालवली. एवढ्यावर ती कुत्री त्या माणसाशी जवळिकीनं वागू लागली. ती त्याच्याकडे जात, तो परत आला की त्याला बिलगत, आणि परक्या माणसाशी त्यांचं वागणं वेगळं असे. ज्या कुत्र्यांना ही अर्धा तासाची सोबत मिळाली नव्हती, त्यांच्यात हे दिसलं नाही. संशोधकांच्या मते माणसाच्या सहवासाची भूक जितकी जास्त, तितका बंध लवकर जुळतो. म्हणजे शेल्टरमध्ये वर्षानुवर्षं पडून असलेला कुत्रा लळ्याला मुकलेला असतो, लळ्यापलीकडे गेलेला नसतो.

‘पण नव्या घरात तो झुरतो’ या म्हणण्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य केलं पाहिजे. मालक वारलेला, किंवा दहा वर्षं राहिलेल्या घरातून उचलून आणलेला कुत्रा पहिले काही दिवस खात नाही, दाराकडे तोंड करून बसतो, रात्री फेऱ्या घालतो. प्रश्न एवढाच, की हे झुरणं कुठे कमी होतं? शेल्टरमध्ये नक्की नाही. मायकेल हेनेसी आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात अमेरिकेतल्या एका शेल्टरमधल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं, तेव्हा पहिल्या तीन दिवसांत ते घरात राहणाऱ्या कुत्र्यांच्या जवळपास तिप्पट निघालं. 2019 मध्ये ‘पीअर-जे’ या नियतकालिकात लिसा गुंटर आणि सहकाऱ्यांनी पाच शेल्टरांमधल्या 207 कुत्र्यांचा अभ्यास छापला. ही कुत्री एक-दोन रात्रींपुरती कुणाच्या तरी घरी पाठवली होती. त्या एक-दोन रात्रींतच त्यांचं कॉर्टिसॉल उतरलं आणि ती अधिक वेळ सलग विसावली. शेल्टरमध्ये परतल्यावर कॉर्टिसॉल पुन्हा पहिल्या जागी आलं. कुठल्याशा अनोळखी घरातली एक रात्रसुद्धा शेल्टरपेक्षा बरी ठरली. मग त्याला त्रास नको म्हणून पिंजऱ्यातच ठेवणं ही कुठली दया?

म्हातारी कुत्री नव्या घरात रमतात, याचं महाराष्ट्रातलंच एक उदाहरण आहे. 26 नोव्हेंबर 2008च्या हल्ल्यात मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चार लॅब्राडोर राबले होते. सीएसटी स्थानकात अतिरेक्यांनी ठेवलेले हातबॉम्ब सीझरनं हुंगून काढले होते. निवृत्तीनंतर या चौघांना विरारमधल्या एका प्राणिप्रेमी स्त्रीच्या फार्मवर जागा मिळाली. आयुष्यभर शिट्टीच्या आणि हुकमाच्या तालावर जगलेली ही कुत्री तिथे मोकळी फिरली, पाण्यात डुंबली, एकमेकांच्या सोबतीनं राहिली. 2016 मध्ये एप्रिलमध्ये मॅक्स, जूनमध्ये सुलतान आणि जुलैमध्ये टायगर गेला. टायगर गेल्यावर सीझरची अन्नावरची वासना उडाली, तो खिन्न झाला, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं. ऑक्टोबरमध्ये तोही गेला. म्हातारपणी नवं घर मिळालेली ही कुत्री होती. त्या वयात जीव लागतच नसेल, तर सीझर कुणासाठी झुरला?

सरकारी नोकरीतल्या कुत्र्यांचा इतिहास या वादात मुद्दाम आठवावा, कारण ‘म्हाताऱ्याला कोण ठेवणार’ हे गृहीत धरून धोरण आखलं की काय होतं ते त्यात दिसतं. अमेरिकेच्या लष्करात 2000 सालापर्यंत काम न झेपणारी कुत्री बहुतेक करून मारून टाकली जात. रॉबी नावाच्या अकरा वर्षांच्या बेल्जियन मॅलिन्वाला घरी न्यायची परवानगी त्याच्या हँडलरनं मागितली, ती नाकारली गेली, त्यावरून लोकांत चीड उसळली, आणि त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीनं निवृत्त श्वानांना दत्तक देण्याचा कायदा झाला. खुद्द रॉबीला त्याचा उपयोग झाला नाही. पण त्यानंतर या कुत्र्यांना घरं मिळू लागली. भारतीय लष्करातही सेवेतून बाद झालेल्या कुत्र्यांना दयामरण दिलं जातं, हे 2015 मध्ये माहितीच्या अधिकारातून बाहेर आलं. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली आणि धोरण बदलावं लागलं. दोन्ही देशांत कुत्री होती तीच होती, त्यांचं वयही तेच होतं. दार उघडल्यावर त्यांना नेणारी माणसं मात्र निघाली.

खर्चाचा मुद्दा सगळ्यांत खरा आहे आणि त्याला बगल देणं म्हणजे दत्तक घेणाऱ्याला फसवणं. म्हाताऱ्या कुत्र्याला सांधेदुखी असते, दातांत कीड आणि हिरड्यांत पू असतो, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, लहान जातींत हृदयाची झडप सैल होते, मूत्रपिंडं कमजोर होतात. नसबंदी न झालेल्या वयस्क मादीला गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेततो. आपल्याकडे त्यात गोचीड ताप आहे, तो तर कुठल्याच वयाला सोडत नाही. रक्ततपासणी, औषधं, वेगळं खाणं, मधूनच एखादी शस्त्रक्रिया, हे सगळं पैशाचं काम आहे.

पण पिल्लू फुकट वाढतं, असं तरी कुणी सांगितलं? त्याच्या लसींची मालिका असते, पार्व्हो रोगाची धास्ती असते, नसबंदी असते, कुरतडलेला सोफा आणि चपला असतात, आणि ते मोठं होऊन केवढं होईल, कसल्या स्वभावाचं होईल, हे कुणीच सांगू शकत नाही. दहा वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव समोर असतो. त्याला मांजर चालतं का, लहान मुलं चालतात का, गाडीत बसतो का, फटाक्यांना किती घाबरतो, हे पंधरा दिवस सांभाळणारा माणूस नेमकं सांगू शकतो. त्याचे आजारसुद्धा तपासून, लिहून देता येतात. दत्तक दिलेली कुत्री परत येतात त्यामागे बहुधा अपेक्षाभंग असतो, आणि अपेक्षाभंगाला वयस्क कुत्र्याच्या बाबतीत फारच कमी जागा असते.

‘तेवढ्यात चार पिल्लांची सोय लागते’ या हिशेबातली चूक वेगळीच आहे. पिल्लू हवं असलेला माणूस आणि वयस्क कुत्रा सांभाळू शकणारा माणूस, हे बहुतेक वेळा एकच नसतात. एकाला दिलं म्हणून दुसऱ्याचं काढून घेतलं असं होत नाही. उलट पाच-सहा वर्षं शेल्टरमध्येच राहिलेला एक कुत्रा तेवढी वर्षं एक पिंजरा, एक खाण्याचं भांडं आणि एका माणसाचा रोजचा वेळ अडवून असतो. त्याला घर मिळालं, तर त्या जागेत गाडीखाली सापडलेल्या, उपचार करून परत सोडायच्या कितीतरी कुत्र्यांची सोय लागू शकते. ज्यांना हिशेबच मांडायचा आहे त्यांनी तो पुरता मांडावा.

आणि वयस्क कुत्रा सांभाळू शकणारी माणसं आहेत कुठे, असं कुणी विचारलं तर उत्तर कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत आणि नाशिकपासून नागपूरपर्यंत पसरलेलं आहे. मुलं अमेरिकेत किंवा बेंगळुरूला, घरात दोघंच, नाहीतर एकटंच कुणीतरी. आयुष्यभर कुत्री पाळलेली ही माणसं सत्तरी ओलांडल्यावर दुसरा कुत्रा आणत नाहीत. कारण एकच असतं: ‘आमच्यामागे त्याचं काय?’ पिल्लाच्या बाबतीत हा प्रश्न रास्तच आहे. पिल्लू पंधरा वर्षं जगतं. त्याला रोज पळवावं लागतं, ते पट्टा हिसडतं, आणि हिसड्यानं म्हातारं माणूस पडतं. अमेरिकेत पासष्टीपुढच्या माणसांचं, कुत्र्याला पट्ट्यानं फिरवताना हाड मोडून रुग्णालयात येण्याचं प्रमाण 2004 मध्ये वर्षाला 1,671 होतं, ते 2017 मध्ये 4,396 वर गेलं, असं ‘जामा सर्जरी’त 2019 मध्ये छापून आलं. दहा वर्षांच्या, सावकाश चालणाऱ्या, दुपारभर पायाशी झोपणाऱ्या कुत्र्यानं या दोन्ही काळज्या हलक्या होतात. अशा घरासाठी त्याचं वय सोयीचंच ठरतं.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शेरी फ्रँकलिन यांनी 2007 साली ‘मटव्हिल’ ही संस्था नेमकी याच जाणिवेतून सुरू केली. शेल्टरमध्ये स्वयंसेवक म्हणून काम करताना वयस्क कुत्र्यांना कुणी नेत नाही आणि शेवटी त्यांना मारलं जातं, हे त्यांनी पाहिलं होतं. मटव्हिल सात वर्षांपुढचीच कुत्री घेते. बासष्ट वर्षांपुढच्या माणसांना तिथे दत्तकाचं शुल्क माफ असतं. ज्या कुत्र्याचा आजार बरा होणारा नाही, त्याला शेवटच्या दिवसांसाठी एखाद्या कुटुंबात ठेवलं जातं आणि औषधांचा भार संस्था उचलते. टेनेसी राज्यातल्या माउंट ज्युलिएट इथे 2012 मध्ये सुरू झालेलं ‘ओल्ड फ्रेंड्स’ हे आश्रयस्थान याच्याही पुढे गेलं. तिथली बरीचशी कुत्री कायमची आसपासच्या घरांत राहतात. कागदोपत्री ती संस्थेचीच असतात आणि त्यांचे उपचार संस्थेच्या दवाखान्यात, संस्थेच्या पैशानं होतात. कुटुंबानं द्यायचं ते घर, वेळ आणि माया.

ही रचना समजून घेतली की मूळ दुखणं कुठे आहे ते कळतं. कुत्र्याचं वय आड येत नाही. आपली दत्तक देण्याची पद्धतच पिल्लांसाठी बनलेली आहे. रविवारचा मेळावा, गोंगाट, लहान मुलांची झुंबड, ‘आज घेऊन जा’चा आग्रह, एक सही आणि त्यानंतरची सगळी जबाबदारी नेणाऱ्याची. या पद्धतीत बहिरा होत चाललेला, बावरून गेलेला, कोपऱ्यात बसलेला कुत्रा हरणारच. त्याला दुसरी पद्धत हवी. घरी येऊन शांतपणे ओळख, पंधरा दिवसांची चाचणी, आजारांची लेखी यादी, काही झालं तर विनातक्रार परत घेण्याची हमी, आणि जमेल तिथे ठराविक औषधांचा खर्च संस्थेकडे. शेल्टरमध्ये तो कुत्रा ठेवला तरी औषधं संस्थेलाच द्यावी लागतात. तीच घरी पोहोचवली तर खर्च वाढत नाही, उलट राहण्या-खाण्याचा वाचतो.

‘आमच्यामागे काय’ या प्रश्नाचं उत्तरही देता येतं. रतन टाटा ऑक्टोबर 2024 मध्ये गेले. त्यांच्या इच्छापत्रात टिटो या त्यांच्या जर्मन शेफर्डच्या देखभालीची तरतूद आहे आणि ती जबाबदारी त्यांच्याकडे अनेक वर्षं काम केलेल्या स्वयंपाक्यावर सोपवली आहे, असं वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालं. टाटांकडे पैसा होता म्हणून हे जमलं, असं म्हणणं सोपं आहे. प्रत्यक्षात त्यातला महत्त्वाचा भाग बिनपैशाचा आहे: कुत्र्याला ओळखणारा माणूस आधी ठरवणं, त्याला विचारणं आणि ते कागदावर लिहून ठेवणं. भाचा, शेजारीण, रोज फिरायला नेणारा मुलगा, कुणीही असू शकतो. एवढं केलेलं असेल, तर मालकाच्या तेराव्यालाच त्याचा कुत्रा शेल्टरच्या दारात बांधलेला सापडत नाही.

दयामरणाबद्दल अधिक स्पष्ट बोललं पाहिजे. असह्य वेदना आहेत, उपचाराला दाद नाही, उठता येत नाही, अन्न सोडलं आहे, अशा कुत्र्याला पशुवैद्यानं शांत मरण देणं ही माणसानं त्याला दिलेली शेवटची सोबत आहे. त्यात अपराध वाटून घेऊ नये. पण म्हातारपण हा आजार नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी 2023चे प्राणी जन्मनियंत्रण नियमसुद्धा बरा न होणारा आजार किंवा प्राणघातक जखम असेल तरच, आणि तेही नेमलेल्या पथकानं निदान केल्यावर, दयामरणाची मुभा देतात. वयाचा त्यात कुठेही उल्लेख नाही. ज्या कुत्र्याला वेदनाशामक गोळी आणि घसरू न देणारी सतरंजी मिळाली तर तो पुन्हा चालू लागेल, त्याला केवळ कुणी नेत नाही म्हणून झोपवणं याला दया म्हणता येणार नाही.

याच न्यायानं एक मर्यादाही मान्य करायला हवी. गल्लीत जन्मलेला, तिथेच म्हातारा झालेला, चहावाल्याच्या फळीखाली झोपणारा आणि चार घरांत जेवणारा धडधाकट कुत्रा बेघर नसतो. त्याला उचलून सहाव्या मजल्यावर नेणं ही त्याच्यावर जबरदस्ती ठरेल. 2023चे नियम अशा प्राण्यांना परिसराचे प्राणी मानतात आणि त्यांच्या खाण्याची व्यवस्था लावण्याची जबाबदारी तिथल्या रहिवासी संघटनांवर टाकतात. घर शोधायचं ते ज्याला गल्लीत राहताच येणार नाही त्याच्यासाठी: आंधळा झालेला, पाय गमावलेला, टाकून दिलेला पाळीव, पिल्लं काढून काढून पिळून घेतलेली मादी.

टाकून देणाऱ्यांना आपल्याकडे धाक नाही, हेही सांगितलं पाहिजे. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार, उपासमारीनं हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांहून अधिक काळ त्याची कमाल मर्यादा पन्नासच आहे. कुत्र्याच्या एका वेळच्या औषधाला यापेक्षा जास्त पैसे पडतात. कायदा बदलण्याची मागणी जुनी आहे आणि ती लावून धरलीच पाहिजे.

हे आत्ताच बोलण्याचं आणखी एक कारण आहे. 2020 आणि 2021च्या टाळेबंदीत, घरात कोंडलेल्या शहरी कुटुंबांनी मोठ्या हौसेनं पिल्लं आणली. त्यांतल्या लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड आणि पुण्या-मुंबईच्या उकाड्यात धापा टाकणाऱ्या हस्की कुत्र्यांचं वार्धक्य 2028-29च्या सुमाराला सुरू होईल. तोवर घरं बदललेली असतील, मुलं शिकायला बाहेर गेलेली असतील, काही संसार मोडलेले असतील. वयस्क कुत्र्यांना घर देण्याची पद्धत तोपर्यंत बसवली नाही, तर शेल्टरच्या दारात येणारा लोंढा कुणालाच आवरणार नाही.

सोसायटीची अडचणही बरेचदा पुढे केली जाते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं फेब्रुवारी 2015 मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केलं आहे, की सोसायटीला बहुमतानंसुद्धा कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, जात किंवा आकार पाहून मनाई करता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. चौथ्या मजल्यावरच्या सांधे आखडलेल्या कुत्र्यासाठी लिफ्ट ही चैन नव्हे. चेअरमनशी भांडण्याआधी हे परिपत्रक छापून त्यांच्या हातात द्यावं. बरेच वाद तिथेच मिटतात.

ज्यांच्या हातात घर शोधण्याचं काम आहे त्यांना थोडं सांगायला हवं. जाहिरातीत दीनवाणा फोटो आणि ‘शेवटची संधी’ असली भाषा नको. दया आलेला माणूस नेतो आणि आठवड्यात परत आणतो. वय, वजन, आजार, चालू औषधं, सवयी खरेपणानं लिहाव्यात, आणि हेही लिहावं की त्याला उन्हात पडायला आवडतं, भाकरी दुधात कुस्करून दिली की तो शेवटचा कणही चाटतो. देण्याआधी रक्त, मूत्रपिंड, यकृत, हृदय आणि दात तपासून घ्यावेत. मादी असेल तर नसबंदी केल्याशिवाय देऊच नये. जातिवंत माद्या फुकटात मिळवून त्यांची पिल्लं विकणारे लोक अशा जाहिरातींवर टपून असतात. नव्या घरी आधी स्वतः जाऊन यावं. गुळगुळीत फरश्यांवर त्याच्या वाटेत सतरंज्या किंवा रबरी चटया पसरायला सांगावं. आंधळा असेल तर सामान हलवू नये, चार दिवसांत तो वासानं वाट पाठ करतो. दिवाळीच्या तोंडावर कुणालाही घर बदलायला लावू नये. आणि एक ताकीद मोठ्या अक्षरांत द्यावी: घरातली माणसांची वेदनाशामक गोळी, विशेषतः आयब्युप्रोफेन, त्याला कधीही द्यायची नाही. तिनं पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात.

पहिल्या तीन दिवसांत तो घाबरलेला असेल, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक ओळखेल, तीन महिन्यांत घरचा होईल, असा एक ढोबळ आडाखा या कामातली माणसं सांगतात. तो नव्या मालकाला आधीच सांगितला, तर चौथ्या दिवशी येणारा ‘याला इथे आवडत नाही’ हा फोन टळतो.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी घरात एकटं असेल, कुणी निवृत्त असेल, कुणी मागचा कुत्रा गेल्यापासून पट्टा खुंटीवरून काढला नसेल, तर त्यांनी जवळच्या शेल्टरमध्ये जाऊन पिल्लांची खोली ओलांडावी आणि एकच गोष्ट विचारावी: सगळ्यांत जास्त दिवस इथे कोण आहे? कायमचं न्यायचं धाडस होत नसेल तर पंधरा दिवसांसाठी न्यावं. आणि शेल्टर चालवणाऱ्यांनी या माणसाला ‘अहो, तो म्हातारा आहे’ म्हणून परत पाठवू नये.